टायरवरचा आकडा आणि रिमवरचा आकडा

जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा साइड स्टँडच्या पायाला खालून एक लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. बारा-एक मिमी जाड, वेल्डिंग ओबडधोबड, वरून चंदेरी रंग फासलेला. मातीत रुतू नये म्हणून आधीच्या मालकाने लावली असेल, असं मी धरून चालले. चेनगार्डच्या आतल्या बाजूला रंग घासून बोटभर पत्रा उघडा पडला होता. आणि मेन स्टँडवर चढवली तरी मागचं चाक जमिनीपासून जेमतेम सुटायचं, खालून पोस्टकार्ड सरकेल एवढंच. तिन्ही गोष्टी रोज डोळ्यांसमोर होत्या. त्या एकाच गोष्टीतून आल्या असतील हे मात्र टायर बदलायला काढेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

गाडी सत्तरच्या दशकातली, दोन सिलिंडरची, तारांच्या चाकांची. वळणावर कलायला आढेवेढे घ्यायची. हँडल जरा ढकलून तिला मनवावं लागे, आणि एकदा कलली की धपकन पुढचं सगळं एकदम. जुन्या गाड्या अशाच असतात म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती. जुन्या गाडीच्या बाबतीत ही समजूत फार सोयीची असते, कुठलीही खोड तिच्या वयाच्या नावावर खपवता येते.

टायर बदलायचं ठरलं ते नक्षी संपली म्हणून नव्हे. नक्षी तर पुढच्या टायरला भरपूर शिल्लक होती. एका पावसाळी सकाळी पुढचा ब्रेक हलकाच दाबला आणि चाक अर्धा क्षण सरळ घसरलं. घरी येऊन टायरला नख लावून पाहिलं तर नख रुतेना. मग गुडघ्यावर बसून बाजूची अक्षरं वाचली. डीओटी ही अमेरिकी वाहतूक खात्याची खूण, तिच्या पुढच्या ओळीत शेवटी टायर कधी बनला ते लिहिलेलं असतं. २००० सालापासून ते चार आकडी असतं, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. मागच्यावर ३६११ होतं, म्हणजे २०११ चा छत्तिसावा आठवडा. पुढच्यावर तीनच आकडे होते, ३२८. तीन आकडे म्हणजे टायर २००० च्या आधीचा, बत्तिसावा आठवडा, आणि शेवटचा आठ म्हणजे १९९८ किंवा १९८८. त्यातलं कुठलं, याचा शोध घेत बसण्यात अर्थ नव्हता. नक्षी शाबूत असलेला आणि लाकूड झालेला टायर हा गोटा झालेल्या टायरपेक्षा वाईट, कारण तो बघून कुणाला भीती वाटत नाही.

मापं वाचली. पुढे १००/९०-१९, मागे १३०/९०-१८. छान, मिमीतली सरळ मापं आहेत, हीच मागवायची. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. मी ऑर्डर द्यायच्या बेतात होते. गाडीसोबत आलेली तेलकट डागांची पुस्तिका सहज चाळली आणि थबकले. पुस्तिकेत पुढे ३.२५एच१९-४पीआर आणि मागे ४.००एच१८-४पीआर असं लिहिलं होतं. चेनगार्डवरच्या अर्धवट सोललेल्या स्टिकरवरही ४.०० दिसत होतं.

ही जुन्या इंचांची भाषा. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० ला सुद्धा हीच जोडी होती, पुढे ३.२५-१९ आणि मागे ४.००-१८, त्यामुळे त्या काळच्या मोठ्या गाड्यांसाठी हे माप नेहमीचंच. ३.२५ म्हणजे सव्वातीन इंच रुंदी. उंचीचा आकडा दिलेलाच नाही, कारण या जुन्या मापात उंची साधारण रुंदीएवढीच धरतात. मधला एच वेगाचा: एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. ४पीआर म्हणजे चार पदरी टायरच्या तोडीची ताकद, प्रत्यक्षात तितके पदर असतीलच असं नाही. यातही मेख आहे. ३.६०, ४.१०, ५.१० असली पाव-अर्ध्या इंचात न बसणारी मापं दिसली तर ते टायर बुटके असतात, उंची रुंदीच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ४.००-१९ आणि ४.१०-१९ यांत ४.१० वाला उंचीला कमी! आणि हे पुरेसं नाही म्हणून की काय, एमएम९०, एमटी९० अशी तिसरीच लिपी आहे. एमटी९०-१६ म्हणजे १३०/९०-१६, एमएम९०-१९ म्हणजे १००/९०-१९. एकाच वस्तूला तीन नावं आणि तिन्ही एकाच वेळी चलनात.

मग मी इंचाचं मिमी करणारा तक्ता शोधला. त्यात ३.२५ समोर एका ठिकाणी ९०/९० आणि दुसऱ्या ठिकाणी १००/९० होतं. ४.०० समोर ११०/९०. म्हणजे पुढचा १००/९०-१९ हा आधीच्या मालकाने तक्ता बघून बसवला असावा, पण मागच्या १३०/९० ला कुठल्याच तक्त्यात आधार नव्हता. तो बहुधा रुबाबासाठी. मागून बघताना जाड टायर दिसतो झोकदार, हे मीही मान्य करते.

तक्त्यावर विश्वास बसेना म्हणून स्वतः मांडलं. रिमचा व्यास मिमीत, त्यात टायरची उंची दोनदा मिळवायची, बस्स. जुना ३.२५-१९: १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, सव्वातीन इंच म्हणजे ८२.५५, दोनदा मिळवलं की साधारण ६४८. ९०/९०-१९ ची उंची ९० च्या ९० टक्के म्हणजे ८१, एकूण व्यास साधारण ६४५. १००/९०-१९ चा मात्र ६६३. मागे ४.००-१८ चा आला ६६०, ११०/९०-१८ चा ६५५. आणि गाडीवर बसलेल्या १३०/९०-१८ चा? ६९१. मी आकडेमोड पुन्हा केली. ६९१ च. म्हणजे मूळ चाकापेक्षा एकतीस मिमी मोठं चाक त्या गाडीच्या पोटाखाली इतकी वर्षं फिरत होतं. मेन स्टँडखालच्या पोस्टकार्डाचं कोडं तिथेच सुटलं.

कागदावरचे व्यास हे कागदावरचेच असतात, हे इथे सांगायला हवं. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर प्रत्यक्षात काही मिमीने कमीजास्त भरतात, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात खरी रुंदी आणि खरा व्यास वेगळा दिलेला असतो. शेवटी मी तोच धरला. पण अंदाज यायला वरचं गणित पुरतं.

आता खरा प्रश्न. कुठला टायर कुठल्या रिमवर बसतो? हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला. खरं तर सुरुवातच तिथून करायला हवी होती, कारण टायर गाडीवर बसत नाही, रिमवर बसतो.

मागचं चाक काढलं, टायर उतरवला, आणि रिमची रुंदी मोजली. स्टीलची पट्टी आडवी ठेवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत ६८ मिमी. म्हणजे दोन पूर्णांक अडुसष्ट शतांश इंच. तक्त्यात बघितलं तर एवढ्या रिमवर १३०/९० आरामात चालतो! मी खूशही झाले आणि जरा हिरमुसलेही, कारण मग गाडीच्या खोडी टायरमुळे नव्हत्याच असं होत होतं.

शेजारचे काका आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. त्यांच्याकडे वर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं साधन, मागायला गेले, तर वर्नियर द्यायच्या ऐवजी तेच चपला घालून आले. माझं मोजमाप बघून म्हणाले, "अगं, टायर बसतो कुठे? रिमच्या ओठांच्या आत ना? मग बाहेरून काय मोजतेस?"

"पण काका, रुंदी म्हणजे..."

"पातेल्यात किती मावतं ते बघायला पातेल्याची जाडी मोजतात का?"

त्यांनी वर्नियरचे वरचे छोटे जबडे दोन्ही ओठांच्या आतल्या उभ्या भिंतींना टेकवले आणि माझ्यापुढे धरला. ५४ आणि पुढे जरासं. नंतर व्हॉल्व्हच्या भोकाजवळ तारेचा ब्रश मारला, गंज आणि जुना रंग निघाला, आणि धातूत ठोकलेले आकडे हळूहळू वर आले: १८ × २.१५. सव्वादोन इंचालाही थोडं कमी. ५४.६ मिमी. पुढच्या रिमवर अशीच घासाघाशी केली तर १९ × १.८५. जुन्या इंग्रजी पद्धतीत यांनाच डब्ल्यूएम२ आणि डब्ल्यूएम३ म्हणतात, १.८५ म्हणजे दोन नंबर आणि २.१५ म्हणजे तीन नंबर. आकडे रिमवरच ठोकलेले होते. मी पट्टी घेऊन घाम गाळत बसले होते!

मग परत तक्ता, पण आता दुसरा. कंपनी प्रत्येक टायरपुढे किती ते किती रुंदीची रिम चालते हे देते, आणि त्यातलं सगळ्यात योग्य माप कुठलं तेही. ९०/९०-१९ ला १.८५ चालत होती. १००/९०-१९ ची सुरुवात माझ्यासमोरच्या तक्त्यात २.१५ पासून. ११०/९०-१८ ला २.१५ ते ३.००, म्हणजे माझी रिम सगळ्यात खालच्या पायरीवर, पण आत. आणि १३०/९०-१८ त्या रिमसाठी नव्हताच.

अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की काय होतं ते उतरवलेल्या टायरवर बोट फिरवून कळलं. रिम टायरचे दोन्ही ओठ, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडा, जवळ ओढते, बाजू आत चिमटल्या जातात आणि माथा उंचावतो. टायरचा गोलाकार असतो त्याचा सुपारीसारखा शंकू होतो. माझ्या मागच्या टायरवर मधोमध दोन बोटांचा पट्टा गुळगुळीत झाला होता, आणि दोन्ही बाजूंना नक्षी नव्यासारखी, कडेचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. सरळ चालताना गाडी त्या टोकावर उभी, आणि कलताना टोकावरून बाजूच्या उतारावर घरंगळायची. आढेवेढे आणि मग धपकन, दोन्ही त्यातूनच. शिवाय चाक पंधरा मिमी उंच झाल्यामुळे गाडीची शेपटी वर. गंमत अशी की इतका खटाटोप करून जमिनीला टेकणारी रबराची रुंदी वाढली नव्हती, घटलीच असावी.

मग निवड सोपी झाली का? नाही, कारण ४.००-१८ आणि ३.२५-१९ अजूनही मिळतात. पुस्तिकेत लिहिलेलंच घ्यावं, हा सरळ मार्ग होता. मला आवडलेल्या जुन्या मापाच्या टायरांत मागच्याला एच होता, पण पुढच्याला एस. माझी गाडी १८० च्या वर जाणार नाही हे मला माहीत आहे आणि गाडीलाही. तरी पुढे एक अक्षर आणि मागे दुसरं, पुढचा सरळ धारींचा आणि मागचा भलत्याच कंपनीचा, ही जोडी पटेना. ९०/९०-१९ आणि ११०/९०-१८ मात्र एकाच घरातली मिळत होती, एकमेकांसोबत चालावी म्हणूनच बनवलेली.

त्यात एक खटकणारी गोष्ट निघाली, आणि ती बहुतेक लोक बघतच नाहीत. टायरवर वेगाच्या अक्षराआधी दोन आकडे असतात, ते वजनाचे. ते किलो नसतात, तक्त्यातला क्रमांक असतो. ५२ म्हणजे २०० किलो, ५४ म्हणजे २१२, ६१ म्हणजे २५७, ६४ म्हणजे २८०. जुन्या मापाच्या ४.००-१८ वर ६४ होता. मला हव्या असलेल्या ११०/९०-१८ वर ६१. म्हणजे मिमीत "बरोबरीचा" असलेला टायर तेवीस किलो कमी वाहणार. पुढेही ५४ च्या जागी ५२. पुस्तिकेत गाडीचं माणसांसकट कमाल वजन आणि मागच्या चाकावर त्यातलं किती येतं ते दिलेलं होतं. दोघं बसून, थोडं सामान घेऊनही मागच्या चाकाला पुरेशी मोकळीक उरत होती. म्हणून घेतला. कुणी मागे दोन पेट्या आणि माणूस घेऊन लांब जाणार असेल तर मी त्याला ४.०० च घे म्हणेन.

रेडियलचा, म्हणजे आतले पदर तिरपे नसून सरळ आडवे असलेल्या टायरचा, विचार केलाच नाही. माझ्या रिमच्या रुंदीत रेडियल मिळण्यासारखे नव्हते, आणि पुढे एका जातीचा, मागे दुसऱ्या जातीचा असं कंपनीने स्पष्ट सांगितल्याशिवाय करायचं नसतं. मापात आर दिसला तर रेडियल, आडवी रेघ असेल तर जुन्या पद्धतीचा तिरप्या पदरांचा, बी असेल तर पट्टा घातलेला तिरपा. माझ्या दोन्ही मापांत साधी आडवी रेघ.

टायर मागवण्याआधी एक काम काकांनी करायला लावलं. पुठ्ठा घेऊन त्यावर नव्या मागच्या टायरचा आडवा छेद काढला, ११० रुंद, माथा गोल, आणि तो कापून रिमच्या ओठांत बसेल असा केला. मग टायर नसलेली रिम मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात परत अडकवून तो पुठ्ठा चाकाबरोबर फिरवला. चेनगार्डपाशी बोटभर जागा, ब्रेकच्या दांडीपाशी त्याहून थोडी कमी, मडगार्डच्या आतल्या नटापाशी भरपूर. चेन ढिली झाली की चाक मागे सरकतं आणि घट्ट नवी चेन टाकली की पुढे, म्हणून दोन्ही टोकांना सरकवून बघितलं. वेगात टायर थोडा फुगतो, ती जागाही सोडली. मग १३० रुंदीचा पुठ्ठा कापला, फक्त कुतूहल म्हणून. तो चेनगार्डच्या घासलेल्या पट्ट्यावर बरोबर जाऊन टेकला. काका काही बोलले नाहीत, नुसता पुठ्ठा पुढे-मागे फिरवत राहिले.

बसवण्याचं काम थोडक्यात सांगते. चाक तारांचं, म्हणजे ट्यूब आलीच. नवे टायर टीएल, म्हणजे ट्यूबलेस, पण ट्यूब घालून वापरायला कंपनीची परवानगी होती. जुन्या ट्यूब वापरायच्या नाहीत असं ठरवलं, कारण मोठ्या टायरात वर्षानुवर्षं ताणलेली ट्यूब लहान टायरात घातली की घडी पडते आणि घडीतून चिरते. नव्या ट्यूबवर कुठकुठल्या मापांना चालते ते सगळं छापलेलं असतं. रिमच्या आतली रबरी पट्टी कुजली होती, तीही बदलली. टायर दोन तास उन्हात ठेवले, ओठांना साबणाचं पाणी लावलं.

तरीही पहिली ट्यूब मी मारलीच. शेवटच्या वीतभर ओठाने हट्ट धरला आणि मी टायर चढवायच्या लिव्हरवर जोर लावला. टायर बसला. हवा भरली, आणि पाच मिनिटांत सूं करत गेली. उलगडलं तर लिव्हरच्या टोकाने ट्यूबला दोन समांतर चिमटे, सापाने चावल्यासारखे. चूक जोराची नव्हती, समोरच्या बाजूची होती. इकडे लिव्हर लावत असताना तिकडचा ओठ रिमच्या मधल्या खळग्यात दाबून ठेवायला हवा, म्हणजे इकडे आपसूक ढील मिळते. दुसऱ्या वेळी समोरच्या बाजूवर गुडघे टेकून बसले आणि शेवटचा तुकडा जवळजवळ हातानेच आत गेला. पिवळा ठिपका, म्हणजे टायरचा सगळ्यात हलका भाग, व्हॉल्व्हजवळ ठेवला. बाण फिरण्याच्या दिशेने. हवा भरल्यावर टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून चहूकडे सारख्या अंतरावर आली, त्याआधी दोनदा टप्प असा आवाज. तो आवाज ऐकण्यासाठी कान किती वेळ टवकारलेले असतात ते बसवणाऱ्यालाच माहीत.

पहिले शे-दीडशे किलोमीटर नवा टायर गुळगुळीत असतो, त्यामुळे जपून. पण पहिल्याच वळणावर गाडी कलली ती मी विचार करत असतानाच. ढकलावं लागलं नाही, धपकनही नाही. दोन-तीन वळणं मी गरजेपेक्षा जास्तच कलले, कारण हात अजून जुन्या टायरच्या सवयीने जोर लावत होते. इंजिन त्याच वेगाला जरा जास्त फिरू लागलं, कारण आता मागचं चाक लहान. आधीच्या मोठ्या चाकाने गाडीचा प्रत्येक गिअर पाच टक्क्यांच्या आसपास लांब केला होता, आणि मी चढावर इंजिनला दोष द्यायचे. काटाही सुधारला. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते. १००/९० चं चाक मूळच्यापेक्षा सव्वादोन टक्के मोठं, म्हणजे काटा साठ दाखवायचा तेव्हा मूळ चाकाच्या हिशेबाने मी एकसष्टच्या वर असायचे. आता चूक अर्ध्या टक्क्याची, आणि तीही उलट्या बाजूची.

संध्याकाळी परत आले, साइड स्टँड काढला आणि उतरले. गाडी उभीच राहिली, पण जरा जास्तच सरळ. हँडलला नुसता हात लागला तर पलीकडे झुकली, मी कशीबशी धरली. मागे अठरा आणि पुढे नऊ मिमी खाली आलेली गाडी, आणि स्टँड होता तेवढाच. दोन्हींची सरासरी साडेतेरा. खाली बसून स्टँडखालच्या त्या पट्टीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी ग्राइंडरने वेल्ड कापला. पट्टी पडली आणि आत स्टँडचा मूळचा पाय निघाला, कारखान्याचा काळा रंग एका कडेला अजून टिकलेला. गाडी टेकवली. डावीकडे बेताची कलली आणि थांबली. काकांनी पट्टी उचलून वर्नियरमध्ये धरली. बारा मिमी.